कुंपणालगतचे ठिपके

माझं लग्न मोडलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. मोठं भांडण असं काही झालं नाही. एकोणीस वर्षं डोंबिवलीत एका घरात राहून आम्हां दोघांकडे बोलायला काही उरलं नव्हतं, आणि एके दिवशी तो म्हणाला, "आपण उगाच ओढतोय हे." मला ते पटलं. इतक्या सहज पटलं याचंच जास्त वाईट वाटलं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाटणी फक्त भांड्यांची आणि पुस्तकांची झाली.

भाड्याची जागा शोधताना मी एजंटला एकच अट घातली होती, ओळखीचं कोणी आसपास नको. नातेवाईक नकोत, ऑफिसातलं कोणी नको, 'मिस्टर काय करतात' असं लिफ्टमध्ये विचारणारं कोणी नको. त्याने भाईंदर पूर्वेला नवघरमध्ये चौथ्या मजल्यावरची वन रूम किचन दाखवली. इमारत नवी होती, पण मागच्या खिडकीतून जुन्या गावाची चार-पाच कौलारू घरं आणि जाळी टाकलेली एक विहीर दिसायची. शेजारी गुजराती कुटुंब, समोर उत्तर प्रदेशातले एक मास्तर. मला हवी तशी जागा मिळाली. पुढच्या दोन वर्षांत माझी बेल वाजली ती गॅसवाला, कुरियरवाला आणि मास्तरांकडे जायच्या ऐवजी चुकून माझ्याकडे आलेले पाहुणे, एवढ्यांच्या हातून.

मी नकाशे काढते. शिकले तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने काढत होते. आता कॉम्प्युटरवर काढते. विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेला फोटो पडद्यावर उघडायचा आणि त्यात जे जे दिसतं ते माऊसने गिरवायचं. रस्ता असेल तर रेघ, इमारत असेल तर चौकोन, विहीर असेल तर ठिपका. बाहेरच्या देशांतली असली कामं आमच्या कंपनीकडे येतात. आधी अंधेरीला ऑफिस होतं. साथीच्या काळात सगळे घरून काम करायला लागले, आणि साथ गेल्यावर कंपनीने ऑफिसची जागा सोडूनच दिली. मला तेव्हा आनंद झाला होता. डब्याच्या वेळी आता कोणी काही विचारणार नाही, असं वाटलं.

एका सोमवारी संध्याकाळी मी खाली भाजी आणायला गेले. भाजीवाल्याला "पाव किलो गवार" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. नुसती घरघर आली. तो म्हणाला, "तबीयत खराब है क्या, मॅडम?" मी मान हलवली. जिना चढताना आठवत गेले, तेव्हा कळलं की शुक्रवारी दुपारच्या ऑनलाईन मीटिंगनंतर मी एकही शब्द बोलले नव्हते. घसा बसला नव्हता, वापरात नव्हता.

त्याच सुमाराला, दसरा होऊन गेल्यावर, कासवांचं काम आलं.

आमचा टीम लीडर नागपूरला त्याच्या घरून काम करायचा. तिशीतला, हुशार आणि सतत घाईत असलेला. त्याने मीटिंगमध्ये सांगितलं, "अमेरिकेतलं वाळवंट आहे. तिथली कासवं कमी होत चालली आहेत. एक संस्था त्यांचा अभ्यास करतेय. फोटोवरून कच्चे रस्ते, गाड्यांच्या चाकोऱ्या, कोरडे ओढे, कुंपणं, सगळं डिजिटाईझ करायचं. शिवाय कासवांच्या पाठीवर जीपीएस लावलेत, त्यांचे पॉइंट्स येतील. ते साफ करून नकाशावर बसवायचे. कोण घेणार?"

सगळ्यांना शहरांची कामं आवडतात, कारण तिथे काय गिरवायचं ते स्पष्ट असतं. वाळवंटात तासन्तास सगळं एकाच रंगाचं. मी म्हणाले, "मला द्या."

पहिल्या दिवशी फोटो उघडला आणि मी हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसले. मी आयुष्यभर गटारं, प्लॉट आणि पाण्याच्या पाइपलाइनी गिरवल्या होत्या. इथे पडदा भरून तांबूस-करडी जमीन होती, तिच्यावर झुडपांचे बारीक काळे ठिपके आणि मधूनच झाडाच्या फांदीसारखे फाटे फुटलेले कोरडे ओढे. माणसाची खूण म्हणजे एक मोठा हायवे आणि मोटरसायकलींनी काढलेल्या वेड्यावाकड्या चाकोऱ्या. आमच्या नवघरात खिडकी उघडली की समोरच्या किचनमधल्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात वाजल्यासारखी येते. इथे मैलोन्मैल कोणी नव्हतं. विचित्र वाटेल, पण मला तिथे सोबत वाटली.

कामाबरोबर एक मोठी माहितीपत्रिका आली होती. ती वाचायची सक्ती नव्हती. मी दोनदा वाचली. ही समुद्रातली कासवं नव्हेत. जमिनीवरची, सावकाश चालणारी, पन्नास-साठ वर्षं जगणारी. वर्षाचा बहुतेक काळ बिळात काढतात, थंडीत निजून आणि उन्हाळ्यात लपून. पाऊस पडला की पाणी पिऊन शरीरात साठवून ठेवतात. कोणी दांडगाईने उचललं तर घाबरून ते सगळं पाणी सोडून देतात, आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत तगणं कठीण होतं. म्हणून प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय कोणी त्यांना हात लावायचा नाही. हे वाचून मी तो कागद छापून घेतला. का, ते मला सांगता येणार नाही.

प्रत्येक कासवाला नंबर होता. पाठीवरचं छोटं यंत्र दर तासाला आपली जागा नोंदवायचं. तिकडची माणसं साधारण दोन आठवड्यांनी प्रत्येक कासवाच्या आसपास चालत जाऊन, लांबूनच अँटेनाने त्या नोंदी उतरवून घ्यायची आणि आमच्याकडे पाठवायची. म्हणजे माझ्या पडद्यावर जे दिसायचं ते होऊन गेलेलं असायचं, कधी दोन दिवसांपूर्वी, कधी दोन आठवड्यांपूर्वी. हे तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

थंडीचे महिने ठिपके जागचे हलले नाहीत. एका जागी ठिपक्यावर ठिपका, ठिपक्यावर ठिपका. साफ करण्यासारखं त्यात काही नसायचं, पण मी रोज सकाळी चहा घेऊन आधी ती फाइल उघडायची. मार्चमध्ये एकतीस नंबर हलली. ती मादी होती. पहिल्या दिवशी बिळापासून वीस-बावीस पावलं गेली आणि परतली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. मग कोरड्या ओढ्याच्या काठाकाठाने उत्तरेकडे. बाकीची कासवंही हिंडायला लागली होती, पण माझं लक्ष एकतीसकडे जायचं, कारण ती सरळ चालायची. एक जागा ठरवल्यासारखी जायची, दोन दिवस तिथे काढायची, आणि आल्या वाटेने परतायची. दुपारचे ठिपके नेहमी कुठल्या तरी झुडपाखाली नाहीतर बिळात. बाराच्या उन्हात ती कधीच उघड्यावर नसायची. मी तिच्या वेळा पाठ करून बसले होते.

हे मी कोणाला सांगणार? बहीण पुण्याला असते. तिचा फोन आला तेव्हा एकदा म्हणाले, "अगं, मी सध्या एका कासवाच्या मागावर आहे." ती हसली आणि म्हणाली, "तू जरा बाहेर पड. एखादा क्लास वगैरे लाव." मी विषय बदलला.

एप्रिलमध्ये फोटोंचा नवा संच आला. त्यात हायवेच्या दोन्ही बाजूंना नवीन बारीक रेघ दिसत होती. कुंपण. रस्त्यावर येऊन गाड्यांखाली मरू नयेत म्हणून कासवांसाठी घातलेलं, गुडघ्याच्याही खाली उंचीचं, बारीक जाळीचं. ते गिरवायचं काम माझ्याकडेच होतं. दोन दिवस बसून मी सगळं गिरवलं, कुठे तुटक दिसलं ते पुन्हा तपासलं, आणि बरं वाटलं. आता गाडीखाली जायची भीती नाही, असंच मनात आलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या नोंदी आल्या. एकतीसची फाइल उघडली आणि मला आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. ठिपके एका सरळ रेघेत होते. कासव अशी फूटपट्टीने आखलेली रेघ चालत नाही. मी गिरवलेल्या कुंपणाचा लेयर ठिपक्यांवर चढवला. रेघ कुंपणावर बसली. ती ओढ्याच्या वाटेने नेहमीसारखी उत्तरेला गेली होती, आणि हायवेपलीकडच्या तिच्या नेहमीच्या जागेच्या अलीकडे आता कुंपण होतं. तिथून ती पूर्वेला वळली, बरंच अंतर कुंपणालगत गेली, परत फिरली, पश्चिमेला गेली, पुन्हा फिरली. पुढे. मागे. चार दिवस. वेळ बघितली तर अकरा, बारा, एक, दोन. भर दुपारी ती चालत होती.

मी टीम लीडरला कॉल लावला.

"सर, एकतीस नंबरचे पॉइंट्स बघा ना. ती कुंपणाला अडकलीये."

त्याने बघितलं. "मॅडम, हा जीपीएसचा एरर असू शकतो. लोखंडी जाळी जवळ असली की पॉइंट्स हलतात."

"हलले तर इकडेतिकडे हलतील. हे एका रेघेत आहेत. आणि वेळ बघा, ती दुपारची चालतेय. दुपारी ती कधीच बाहेर नसते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी मार्चपासून बघतेय तिला."

तो मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आपलं काम पॉइंट्स साफ करून द्यायचं. त्याचा अर्थ काढायला तिकडे सायंटिस्ट आहेत ना. आपण नको त्यात बोलूया. शुक्रवारी डिलिव्हरी आहे."

तो चुकीचं बोलत नव्हता. आमच्या धंद्यात गिरवणाऱ्याने मत द्यायचं नसतं. मी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय हे मध्येच लक्षात आलं. शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची होती. नऊ दिवस म्हणजे त्या उन्हात काय होतं ते माहितीपत्रिकेत लिहिलेलंच होतं.

शुक्रवारपर्यंत मी थांबले नाही. त्याच दुपारी नकाशा पूर्ण केला. प्रत्येक नकाशाला शेऱ्याची एक चौकट असते, ती आम्ही नेहमी रिकामी सोडतो. त्यात मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, की नंबर एकतीस कुंपणालगत फेऱ्या घालतेय, दुपारीसुद्धा उघड्यावर आहे, आधी असं कधी झालेलं नाही, कृपया लगेच बघावं. व्याकरण तीनदा तपासलं. बटण दाबलं. टीम लीडरला मेसेज टाकला, "सर, मी शेरा लिहिलाय. काही झालं तर जबाबदारी माझी."

तिकडून उत्तर येईपर्यंतचे चार दिवस फार वाईट गेले. काही करण्यासारखं नव्हतं आणि सांगण्यासारखं कोणी नव्हतं. गुजराती शेजारीण गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसली, म्हणाली, "क्या हुआ, दीदी, आजकल दिखती नहीं?" मी म्हणाले, "काम बहुत है." तिला काय सांगणार होते? की जगाच्या पाठीवर कुठेतरी एक कासव मरत असेल आणि त्याच्यापुढची जाळी मीही गिरवली आहे?

तिसऱ्या दिवशी मासे आणायला गेले. आमच्या नाक्यावर एक म्हातारी कोळीण बसते, उत्तनच्या पुढे चौक गाव आहे तिथून येते. गळ्यात क्रूस, पुढ्यात पाटी, आणि गिऱ्हाईक नसलं तरी तोंड चालू. मी तिला मावशी म्हणते. मी बोंबील मागितले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

"काय झाला गं बाय? तोंड का असा उतरलाय?"

कुणी विचारलं की डोळ्यांत पाणी येईल इतकी मी हळवी नाही. पण आलं. मी म्हणाले, "काही नाही मावशी, एक कासव आहे," आणि मग सगळंच सांगितलं. जीपीएस, कुंपण, दुपारचे ठिपके. ती बोंबील साफ करत ऐकत होती. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने हातानेच थांबवलं.

"कुपन नवा हाय ना?" तिने विचारलं.

"हो. गेल्या महिन्यातलं."

"मंग ती चालनारच. तिला वाट ठाव हाय, कुपन ठाव न्हाय." तिने कोयता धुतला. "आमच्या जालीत बी येतात कासवा. मोठी, पाटावानी. घरधनी पयला जाली कापायचा, मंग कासव सोडायचा. जाली परत शिवता येते. आता पोरगा बी तसाच करते." पिशवी माझ्या हातात देताना तिने विचारलं, "तू सांगितलास ना त्या लोकांना?"

"लिहिलंय."

"मंग झाला तर. लिवला म्हंजे बोंब मारलीस. आता ऐकतील नायतर न्हाय ऐकनार." जाताना पाठीमागून ओरडली, "ऐतवारी ये गो चौकला! एकटी काय बसतंस?"

चौथ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. टीम लीडरला आलेलं होतं, ते त्याने मला पुढे पाठवलं. तिकडे वाळवंटात कासवांच्या नोंदी उतरवणारी जी बाई होती, तिने स्वतः लिहिलं होतं. शेरा वाचून ती आणि तिचा सहकारी दुसऱ्याच दिवशी सकाळी निघाले. कुंपणालगत चालत गेले. आधी त्यांना अठरा नंबर सापडला, एक मोठा नर. तो मेलेला होता, बहुतेक दोन दिवस आधी. त्याच्या अलीकडच्या नोंदी अजून उतरवल्याच नव्हत्या, त्यामुळे कोणाला काही कळायचा मार्गच नव्हता. तिथून पुढे कुंपणाच्या खांबाच्या वीतभर सावलीत एकतीस बसलेली होती. डोळे मिटलेले, वजन बरंच उतरलेलं. पण जिवंत. त्यांनी तिला सावलीत नेऊन उथळ पाण्याच्या परातीत ठेवलं, ती बराच वेळ पाणी प्यायली, आणि संध्याकाळी तिला तिच्या बिळापाशी सोडलं.

मी ते पत्र उभ्यानेच वाचलं. अठरा नंबरचे ठिपके मीच बसवायची. त्याच्याकडे मी कधी नीट बघितलंही नव्हतं. तो इथे-तिथे भटकायचा, त्याला काही शिस्त नव्हती, आणि मला शिस्तीची कासवं आवडायची. त्या रात्री मी त्याची जुनी फाइल उघडली आणि मार्चपासूनचे सगळे ठिपके एकदा बघितले. दुसरं काय करणार होते?

पत्राच्या शेवटी एक काम होतं. कुंपणालगत ठरावीक अंतरावर सावलीसाठी छोटे आडोसे बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. कासवांना पलीकडे जाता यायला हवं होतं. हायवेखालून कोरडे ओढे जातात तिथे पाणी जायला बांधलेल्या मोऱ्या असणार. त्या सगळ्या फोटोवरून शोधून देता येतील का, म्हणजे कुंपणाची टोकं मोऱ्यांच्या तोंडाकडे वळवता येतील, असं तिने विचारलं होतं. आणि 'हा शेरा ज्यांनी लिहिला त्यांनीच हे करावं,' असंही लिहिलं होतं.

टीम लीडरचा फोन आला. "मॅडम, सॉरी. मी त्या दिवशी..."

"असू दे, सर."

"नाही, खरंच. मी लक्ष द्यायला पाहिजे होतं. तुम्हाला किती दिवस लागतील?"

मी दहा दिवस मागितले. ते दहा दिवस मी जितकं मन लावून काम केलं तितकं आयुष्यात कधी केलं नसेल. फोटोत मोरी दिसत नाही, ती रस्त्याच्या पोटात असते. ओढा एका बाजूला येऊन थांबतो आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरू होतो, त्यावरून ओळखायचं. कुठे सावलीचा एक काळा तुकडा, कुठे तोंडाशी साचलेल्या वाळूचा पंखा. काही जागी मोरी होती पण तोंड गाळाने बंद झालेलं वाटत होतं, त्यांना वेगळा रंग दिला. कुठल्या मोरीजवळ किती कासवांच्या जुन्या वाटा येतात ते मोजून क्रम लावला. एकतीसच्या ओढ्यावर मोरी होती. पण तिचं तोंड बुजलेलं दिसत होतं. मी तिच्यापुढे लिहिलं, आधी ही.

नकाशा पाठवल्यावर त्या बाईने व्हिडिओ कॉल करायचा आहे असं कळवलं. आपली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, म्हणून साडेसात ठरले. मी पहाटेच उठून केस धुतले, साडी नेसले. घरात साडी नेसून किती महिने झाले होते. पडद्यावर ती दिसली तेव्हा गाडीच्या पायरीवर बसलेली होती, माझ्याच वयाची, उन्हाने रापलेली, डोक्यावर मळकी टोपी. मागे ती तांबूस जमीन. मी एवढे महिने ती जमीन वरूनच बघितली होती. उभ्याने ती कशी दिसते ते पहिल्यांदा पाहिलं. झुडपं वाऱ्याने हलत होती. ती हलत असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कामाचं बोलून झालं. मग ती जरा अडखळत म्हणाली, "मला एक कबूल करायचंय. इतके दिवस मला वाटत होतं की हे नकाशे तुमच्याकडे कुठलं तरी सॉफ्टवेअर आपोआप काढतं. शेरा वाचला तेव्हा कळलं की कोणीतरी बसलेलं आहे."

मला राग आला नाही. मी म्हणाले, "मलाही वाटायचं की ठिपके आपोआप येतात. तुम्ही उन्हात चालत जाऊन आणता हे वाचलं होतं, पण डोळ्यांपुढे आलं नव्हतं."

ती हसली. तिथे कोणाबरोबर राहता, असं मी विचारलं. ती म्हणाली, मोसमात बहुतेक एकटीच, सहकारी आठवड्यातून दोन दिवस येतो, गावात गेले की दुकानदाराशी नको इतकी बोलते. मी तिला भाजीवाल्याची गोष्ट सांगितली, आवाज न फुटल्याची. माझं इंग्रजी तुटकं आहे, पण तिला नीट कळलं. ती मग म्हणाली, "हो. असं होतं." दहा मिनिटांचा कॉल होता. नंतर मी साडी तशीच दिवसभर ठेवली.

त्या रविवारी मी खरंच चौकला गेले. स्टेशनच्या पश्चिमेला जाऊन बस धरली. मावशी मला बघून इतकी ओरडली की शेजारच्या दोन घरांतून माणसं बाहेर आली. सुकवायला घातलेले बोंबील काढायचं काम चाललं होतं, पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायचे दिवस जवळ आलेले. तिने मला कामालाच लावलं. जेवायला कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. घरातल्या सगळ्यांना तिने माझी ओळख करून दिली, "ही कासवाची बाय." तिच्या सुनेने विचारलं, "मिस्टर काय करतात?" मी म्हणाले, "आम्ही वेगळे झालो." सून म्हणाली, "बरं," आणि भाकरी वाढली. मी ज्या प्रश्नाला इतकी वर्षं घाबरत होते तो एवढ्यातच संपला. सहाच्या बसने परतले, कुलूप उघडलं, आणि घर होतं तसंच होतं. दिवसभराच्या गलक्यानंतर जास्तच शांत. माणसांत जाऊन आलं की एकटेपणा जातो असं नाही. काही वेळा तो त्यानंतरच नीट ऐकू येतो.

जूनमध्ये बुजलेल्या मोऱ्या साफ करून कुंपण त्यांच्या तोंडाकडे वळवल्याचं तिकडून कळलं. सप्टेंबरात, ऊन उतरल्यावर, एकतीस पुन्हा निघाली. ओढ्याकाठाने उत्तरेला. कुंपणापाशी आली, पूर्वेला वळली. थोडं गेली, एका आडोशाखाली दुपार काढली. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला गेली, मोरीच्या तोंडापर्यंत आली, तिथे दोन तास. आणि परत फिरली. बिळात जाऊन बसली. पुढच्या नोंदीतही तेच. मोरीतून पहिला पलीकडे गेला तो सात नंबरचा एक छोटा नर, जो फारसा माझ्या खिजगणतीत नव्हता. एका तासाला अलीकडे, पुढच्या तासाला पलीकडे. मी पडद्यासमोर बसून टाळी वाजवली. एकटीच. मग टीम लीडरला मेसेज केला, "सात नंबर पार झाला," आणि त्याने लगेच फोन केला. आम्ही दोघं पाच मिनिटं एका कासवाबद्दल बोललो.

दिवाळीनंतर काम संपलं. पाठीवरची यंत्रं काढून घेतली, कारण बॅटऱ्या संपत आल्या होत्या आणि पुढच्या टप्प्याची मंजुरी अजून यायची होती. शेवटच्या नोंदीत एकतीस तिच्या बिळात होती. ठिपक्यावर ठिपका. दुसऱ्या दिवशी माझं लॉगिन बंद झालं. त्या बाईचा एक मेल आला, त्यात एकतीसचा फोटो होता. बिळाच्या तोंडाशी बसलेली, पुढचा एक पाय बाहेर. तोपर्यंत मी तिला ठिपक्यांतच पाहिलं होतं. मला वाटत होतं त्यापेक्षा ती बरीच लहान होती, दोन तळहातांवर मावेल एवढी.

ती मोरीतून कधी पलीकडे गेली का, ते मला माहीत नाही. मी त्या बाईला विचारलं होतं. तिने लिहिलं, यंत्र नाही तर कळायचा उपाय नाही, पण वसंतात मी त्या बाजूला गेले तर बघेन. नंतर तिची बदली दुसऱ्या ठिकाणी झाली. आम्ही नवीन वर्षाच्या शुभेच्छा पाठवतो, तेवढंच.

सध्या माझ्याकडे एका शहराच्या पथदिव्यांचं काम आहे. खांब मोजायचे, ठिपके टाकायचे. दर नकाशाला शेऱ्याची चौकट असते. टीम लीडर आता मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगतो की काही वेगळं दिसलं तर त्यात लिहा. बहुतेक वेळा लिहिण्यासारखं काही नसतं. परवा एका गल्लीत सलग सहा खांबांवर दिवेच दिसले नाहीत, तेवढं मी लिहिलं. अजून कोणाचं उत्तर आलेलं नाही.